बासी ईदचा वाद

ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, आम्ही चार-पाच मित्र एकाच्या घरी जमतो. शिरखुर्मा संपत आलेला असतो आणि कुणालाच घरी जायची घाई नसते. अशा वेळी सिनेमाचा विषय निघतोच. प्रत्येकाने आपला एक लाडका सिनेमा सांगायचा आणि एक असा, जो लोकांनी उगाच डोक्यावर घेतला आहे, असा आमचा जुना शिरस्ता. रंगत येते ती दुसऱ्या भागात. ‘मुघल-ए-आझम’ला नावे ठेवायची हिंमत आजवर आमच्यापैकी कुणी केलेली नाही. ‘गर्म हवा’चे नाव निघाले की सगळे माना डोलावतात. एकदा कुणीतरी विचारले, शेवटपर्यंत किती जणांनी पाहिला? दोघांनीच हात वर केले!

हे असे का होते? पडद्यावरचा मुसलमान पाहताना आम्ही नुसते प्रेक्षक उरत नाही. ‘चौदहवीं का चाँद’, ‘मेरे मेहबूब’ यांतली लखनवी शेरवानी आणि आदाब यांच्याशी आमचा काय संबंध? आमच्या गावाकडच्या बायका नऊवारी नेसून भांगलायला जात होत्या. तरीही बाहेरच्या कुणी या सिनेमांची टिंगल केली की आम्ही वकिली करायला उभे राहतो. उलट सथ्यूंच्या ‘गर्म हवा’तला आग्ऱ्याचा सलीम मिर्झा खरोखर आमचा. हा पाकिस्तानात निघून जाईल म्हणून त्याला कर्ज मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही. घरासाठी वणवण आमच्यातल्या दोघांनीही केली आहे. आणि नेमका तोच सिनेमा आम्ही अर्ध्यावर सोडलेला. मग आमची आवड खरी कुठली आणि निष्ठा कुठली?

दोनेक वर्षांपूर्वी ‘डोक्यावर घेतलेला’ म्हणून आम्ही एकमताने ‘निकाह’ निवडला. बी. आर. चोप्रांचा, १९८२चा. श्रीमंती थाट, टाळ्यांसाठी लिहिलेले संवाद, रडारड. आमचे शिक्षक मित्र तर म्हणाले, प्रश्न खरा, सिनेमा खोटा. आम्ही हसलो.

चहा घेऊन आलेल्या भाभी तिथेच थांबल्या. म्हणाल्या, “माझ्या आपाने तो तीनदा बघितला होता.”

आपाची हकिकत आम्हाला माहीत होती. नवऱ्याने पोस्टकार्डावर तलाक लिहून पाठवला, दोन मुलांना घेऊन ती माहेरी आली. नशीब म्हणून सगळे गप्प बसले. शेवटच्या प्रसंगात निलोफर दोन्ही पुरुषांना विचारते, मी काय देण्याघेण्याची वस्तू आहे? तो प्रसंग पाहून थिएटरातून घरी येताना आपा रिक्षात एवढेच बोलली होती, “असं बोलता येतं?”

शिक्षक मित्र मागे हटले नाहीत. ते म्हणाले, “भाभी, औषध लागू पडलं म्हणून ते गोड होत नाही. आणि निलोफरला शेवटी हैदर तरी मिळतो. आपाला कोण मिळाला?”

“ते तिलाही कळत होतं, भाईजान,” भाभी म्हणाल्या.

त्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला होता. मागणी हीच, सिनेमाच्या सोळा वर्षे आधीची. त्या सातजणींचे धैर्य निलोफरच्या संवादापेक्षा कितीतरी मोठे. पण आपापर्यंत तो मोर्चा पोहोचला नव्हता. आम्ही त्यावरचे लेख वाचले होते, आमच्या तोंडूनसुद्धा तिला कधी कळला नाही. तिच्यापर्यंत पोहोचला तो सिनेमा, आणि तोही ज्यांना आम्ही बटबटीत म्हणतो त्या गाण्यांच्या आणि संवादांच्या जोरावर.

म्हणून ‘निकाह’ थोर ठरतो का? आम्हाला अजूनही तसे वाटत नाही. भाभींना बरे वाटावे म्हणून मत फिरवणे हा भाभींचाच अपमान झाला असता. शिक्षक मित्रांनी मत बदलले नाही, ते योग्यच केले. आम्हाला बोचले ते वेगळेच. त्याच गावात, त्याच थिएटरात आम्हीही तो सिनेमा पाहिला होता. आपा चार घरे सोडून राहत होती. आम्ही संवादांतल्या चुका काढल्या आणि तिच्या दारावरून रोज गेलो. एखादी गोष्ट नुसती चांगली की वाईट एवढेच ठरवत बसायची सवड आम्हाला होती, ती कुणामुळे?

एकजण विषय बदलावा म्हणून बोलला, २०१७ला सुप्रीम कोर्टाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला, २०१९ला कायदाही आला, आता तो सिनेमा जुना झाला. भाभी कप गोळा करत होत्या. नुसते भाभींकडे पाहून तो गप्प झाला.

मग आम्हीच विचारले, भाभी, तुमच्या मते उगाच डोक्यावर घेतलेला सिनेमा कोणता?

“मुघल-ए-आझम,” त्या म्हणाल्या. “बाप ठरवतो, मुलगा ठरवतो, शेवटी शहेनशाहच तिला गुपचूप सोडून देतो. अनारकलीला काय हवं, ते कुणी विचारलं?”

शिक्षक मित्र खुर्चीत सरसावून बसले. चहा पुन्हा ठेवावा लागला.