ज्याच्या हाती ससा...

कुवेतला नव्याने आलेल्या मराठी माणसाची दोन गोष्टींशी लवकर ओळख होते. पहिली इथल्या उन्हाशी आणि दुसरी इथल्या लोकांच्या फुटबॉलवेडाशी. आपल्याकडे चहाच्या टपरीवर जसा क्रिकेटचा संघ निवडला जातो, तसा इथे दिवाणियात बसून फुटबॉलचा संघ निवडला जातो. कोणता पोरगा पुढे चमकणार, कोण संपला, प्रशिक्षकाला घरी कधी पाठवायचे, याचे निकाल चहा संपायच्या आत लागतात. गंमत म्हणून हे ठीकच आहे. पण या गमतीच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. माणसाची पारख करायची कशावरून? त्याने केलेल्या कामावरून, की त्या कामाला आलेल्या फळावरून?

उदाहरण कुवेतचेच घेऊ. कार्लोस अल्बर्टो परेरा हे ब्राझीलचे प्रशिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कुवेतने १९८० साली आशिया चषक जिंकला आणि १९८२ साली विश्वचषकात प्रथमच पाऊल ठेवले. पुढे ते मायदेशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. १९९३ साली पात्रता फेरीत ब्राझील बोलिव्हियाकडून हरला आणि सारा देश त्यांच्यावर तुटून पडला. रोमारिओला संघाबाहेर का ठेवले, हा लोकांचा सवाल होता. अखेर उरुग्वेविरुद्धच्या निर्णायक सामन्यात रोमारिओला बोलावले गेले आणि दोन्ही गोल त्यानेच केले. म्हणजे लोकांची टीका सगळीच चुकीची नव्हती, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

१९९४ चा अंतिम सामना गोलशून्य राहिला. पेनल्टीवर इटलीच्या रॉबर्तो बाज्जोचा फटका गोलच्या वरून गेला आणि ब्राझीलला २४ वर्षांनी विश्वचषक मिळाला. परेरा एका क्षणात शहाणे ठरले! चारच वर्षांनी, १९९८ च्या विश्वचषकात, ते सौदी अरेबियाचे प्रशिक्षक होते. पहिले दोन सामने हरताच स्पर्धा चालू असतानाच त्यांना काढून टाकण्यात आले. माणूस तोच, अनुभव उलट वाढलेला. बाज्जोचा तो चेंडू थोडा खालून गेला असता, तर कदाचित १९९४ सालीही त्यांच्या वाट्याला शिव्याच आल्या असत्या.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपण ती थोड्या उपहासानेच वापरतो. ससा हाती लागण्यात पारध्याच्या कसबाखेरीज आणखी बऱ्याच गोष्टींचा वाटा असतो, हे आपल्या वाडवडिलांना चांगले ठाऊक होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात तर याचा हिशेबच मांडला आहे. कोणतेही कार्य सिद्धीस जाण्याची पाच कारणे तिथे सांगितली आहेत : अधिष्ठान, म्हणजे ते जिथे घडते ती जागा; कर्ता; हाताशी असलेली साधने; नाना प्रकारचे प्रयत्न; आणि पाचवे दैव. तिथला उपदेश कर्त्याने अहंकार सोडावा असा आहे. पण दुसऱ्याची पारख करायला बसलेल्यालाही हा हिशेब तितकाच लागू पडतो. आपण टीका करतो तेव्हा पाचांपैकी एकच कारण पाहतो, ते म्हणजे कर्ता.

आता आपल्या मुंबईकडे वळू. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, ती साऱ्यांना माहीत आहे. त्या वेळी पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा होता अमोल मुझुमदार. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजीच्या पदार्पणातच त्याने २६० धावा केल्या, प्रथम दर्जाच्या सामन्यांत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या, पण भारतासाठी तो एकदाही खेळला नाही. लायकी नव्हती म्हणावे, तर धावा समोर आहेत. अन्याय झाला म्हणावे, तर त्या काळी मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. जागाच मोजक्या होत्या. न निवडला जाणे आणि नालायक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे दुसरे उदाहरण क्वचितच सांगेल.

हेच मुझुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात भारत लागोपाठ तीन सामने हरला. तिसऱ्या, इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जादा गोलंदाज हवा म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला वगळले होते, आणि तो सामना अवघ्या ४ धावांनी गेला. टीकेचा भडिमार झाला. मग तीच जेमिमा परतली, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करून गेली आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताने विश्वचषक उचलला. टीकाकार एका रात्रीत स्तुतिपाठक झाले.

मग काय, कोणाला नावे ठेवायचीच नाहीत? तसे नव्हे. संघात अकराच जण घेता येतात, निवड कोणीतरी करावीच लागते आणि चुकीला चूक म्हणावेच लागते. परेरांना रोमारिओबद्दल सुनावणारे लोक योग्यच करत होते. पण ते एका निर्णयाबद्दल बोलत होते. 'हा निर्णय चुकला' आणि 'हा माणूस कुचकामी आहे' या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्या वाक्याने सुधारणा होते, दुसऱ्याने फक्त माणूस खचतो. आणि निर्णय तपासायचा, तर तो घेताना काय माहीत होते यावरून तपासावा. निकाल कळल्यावर सगळेच शहाणे असतात.

मंडळी, हे आपल्याइतके कोणाला कळावे? ऑगस्ट १९९० मध्ये इराकने आक्रमण केले तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीय कुवेतहून परतले. कित्येकांची आयुष्याची कमाई इथेच राहिली. आधल्या महिन्यापर्यंत गावात ज्यांचे कर्तबगार म्हणून कौतुक होत होते, ती माणसे एका बॅगेनिशी घरी उतरली. त्यांची कर्तबगारी एका रात्रीत संपली होती का? पाच कारणांपैकी पहिले आणि पाचवे फिरले होते, इतकेच. आजही कोणाची नोकरी जाते, कोणाचा व्हिसा अडतो, आणि आपणच सहज बोलून जातो, 'त्याला इथे जमले नाही.'

आणि मुले? इथल्या शाळेत बारावी झालेल्या मुलासमोर प्रवेशाच्या मोजक्या जागांची तीच शर्यत उभी असते. निकालाच्या दिवशी भारतातून मामा, काका, आत्या यांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न असतो टक्क्यांचा. अठराव्या वर्षी मुलाबद्दल कोणी जे बोलतो, तो अंदाज असतो. पण आपण तो न्यायनिवाड्याच्या थाटात ऐकवतो आणि मूल तो खरा मानते. 'या वेळी नाही जमले' असे म्हणण्याऐवजी 'तुला जमणारच नाही' असे तोंडून गेले, की ते त्याच्या मनात वर्षानुवर्षे राहते.

तेव्हा टीव्हीसमोर बसून प्रशिक्षकाला खुशाल घरी पाठवा. त्याला ते ऐकू जात नाही. घरातल्या खेळाडूला मात्र आपला शब्दन् शब्द ऐकू जातो. पुढच्या निकालाच्या दिवशी त्याला टक्के जरूर विचारा, पण आधी विचारा, 'तयारी कशी केली होतीस, आणि पुढे काय करावेसे वाटते?'