एका डॉलरचे कुलूप

विद्याधनाची थोरवी सांगणारे सुभाषित आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्यात चोर आहे, राजा आहे, वाटणी मागणारा भाऊ आहे. कारखानदार मात्र नाही.

१९२२ च्या जानेवारीत टोरोंटो विद्यापीठात इन्सुलिन हाती आले, आणि हा राहून गेलेला माणूस दाराशी आला. बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लाउड या चार संशोधकांत सख्य बेताचेच होते. शुद्धीकरणाची कृती कॉलिप सांगेना, म्हणून बँटिंग त्याच्या अंगावर धावून गेला असे म्हणतात. तरी २५ जानेवारीला चौघांनी कागदावर सह्या केल्या: सहकार्य चालू असेतो कोणी परस्पर पेटंट घ्यायचे नाही. मने जुळली की सहकार्य होते अशी आपली समजूत. येथे मने जुळली नाहीत, कागद पुरला.

पुढे पेटंट घेतलेच. वैद्याने औषधावर हक्क सांगू नये म्हणून बँटिंग आधी आपले नाव देईना. अखेर तेही घातले गेले, आणि तो, बेस्ट व कॉलिप यांनी आपला हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला दिला. याला त्याग म्हणण्याची रीत आहे. मला त्यात व्यवहारी शहाणपण अधिक दिसते. कृती नुसती छापून हे लोक मोकळे झाले असते, तर कोणीतरी तिच्यात जराशी सुधारणा करून सगळ्या औषधालाच कुलूप घातले असते. त्याआधी यांनी आपले घातले.

ही भीती पोकळ नव्हती. मोठ्या प्रमाणावर औषध करणे विद्यापीठाला जमेना, आणि रोगी तर वाट पाहत होते. म्हणून एलाय लिली कंपनीला प्रारंभी मुदतीची मक्तेदारी दिली. कंपनीने लगेच आपल्या सुधारित कृतीवर पेटंट मागितले! सुधारणा सर्व परवानेदारांना खुल्या राहाव्यात, असा विद्यापीठाने आग्रह धरला. हातात पेटंट नसते, तर त्या आग्रहाला कोण विचारतो?

त्या पेटंटाची मुदत केव्हाच सरली. नव्या इन्सुलिनांवर नवी पेटंटे आली, ती कंपन्यांची. अमेरिकेत किमती इतक्या चढल्या की माणसे सुईतले औषध मोजूनमापून कमी करू लागली. २०२३ मध्ये लिलीने आपल्या प्रमुख इन्सुलिनांची छापील किंमत ७० टक्क्यांनी उतरवली, आणि कंपनी काही बुडाली नाही.

१९८० च्या कायद्यापासून अमेरिकी विद्यापीठे सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची पेटंटे स्वतःकडे ठेवू शकतात. त्यांच्या अहवालांत पेटंटांची संख्या असते, उत्पन्न असते. परवान्याच्या अटी कोणत्या होत्या, ते पान मात्र शोधावे लागते.