पोरांचे कान आणि आईबापांची जीभ

जालन्यात इंग्रजीचं कोडं पाच वर्षांच्या पोराला पडत नाही. पडतं ते त्याच्या बापाला. पोरगं मोबाइलवरच्या अमेरिकी गाण्याबरोबर ‘एक्स, वाय, झी’ म्हणतं, शाळेत मॅडमसमोर ‘झेड’ म्हणतं, आणि आजोबांनी ‘जेड’ म्हटलं तरी नेमकं त्याच अक्षरावर बोट ठेवतं. ‘पेप्पा पिग’मधलं ब्रिटिश ‘वॉटर’ आणि गाण्यातलं ‘वॉडर’ म्हणजे एकच पाणी, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शेजारी बसलेला बाप मात्र विचारतो, ‘ह्यातलं बरोबर कोणतं?’

पोराला हे जमतं, कारण मराठीत ते रोज हेच करतं. घरात ‘काहून’ आणि ‘कव्हा’, पुस्तकात ‘का’ आणि ‘केव्हा’. भोकरदनचा मामा विचारतो, ‘काय करू राहिला रे?’ परतूरची आत्या म्हणते, ‘काय करायलास?’ गल्लीत दखनी हिंदी, मोंढ्यात मारवाडी. संशोधक कॅथरीन बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अमेरिकी बाळांना ओळखीचे शब्द त्यांच्या बोलीत आणि जमैकन इंग्रजीत ऐकवले. 15 महिन्यांच्या बाळांना ते शब्द फक्त घरच्या बोलीत ओळखीचे वाटले. 19 महिन्यांच्या बाळांना दोन्हींत. म्हणजे अवघ्या चार महिन्यांच्या अंतरात कानाला कळायला लागतं की आवाजातलं काय धरायचं आणि काय सोडून द्यायचं. आपल्याकडच्या बाळांवर असा प्रयोग कुणी केला तर तो ‘काहून’ आणि ‘का’पासून सुरू करावा.

मोठ्यांचे कान तरी कुठं बधिर झालेले असतात? क्लार्क आणि गॅरेट या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं की इंग्रजी मातृभाषेची प्रौढ माणसं परक्या धाटणीचं इंग्रजी ऐकताना पहिल्यांदा अडखळतात, पण मिनिटभराच्या आत सरावतात. आपल्या बापाची अडचण थोडी वेगळी, कारण इंग्रजी त्याची मातृभाषा नाही. पण माझ्या मते त्याची खरी अडचण कानात नाहीच. त्याच्या डोक्यात इंग्रजीची एक उतरंड आहे: वर साहेबाचं, मधे कॉन्व्हेंटचं, तळाला स्वतःचं.

ही उतरंड का बसली, हे घराघरांत दिसतं. पणजोबा निजामाच्या राज्यातले. सप्टेंबर 1948 पर्यंत कचेरीत आणि वरच्या शिक्षणात उर्दूचा मान, 1918 मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं. बापानं एबीसीडी गिरवली ती जिल्हा परिषदेच्या शाळेत, पाचवीला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तोवर तो बराच पुढं गेलेला. पोरगं मात्र नर्सरीतच ‘गुड मॉर्निंग’ शिकलं. गंमत अशी की हाच बाप बियाण्याच्या धंद्यात दिवसभर ‘जर्मिनेशन’, ‘हायब्रीड’, ‘लॉट नंबर’ बोलत असतो. 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी उभी राहिल्यापासून हे शब्द इथल्या बांधावर रुळलेत. पण ते इंग्रजी तो इंग्रजीत धरतच नाही.

आणि साहेबाचं इंग्रजी तरी एक कधी होतं? जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिथं पलटणीचं इंग्रजी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली. इंग्रजी ते शिकले मुंबईत, स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हाताखाली. 1873 मध्ये हा मराठी माणूस तेच इंग्रजी घेऊन न्यूयॉर्कच्या धर्मपरिषदेला गेला. लंडनच्या कानाला त्या मिशनऱ्यांचं ठसठशीत ‘र’चं इंग्रजी गावंढळच वाटलं असतं.

भाषाशास्त्रज्ञ जे. के. चेंबर्स यांनी टोरांटोतल्या स्थलांतरितांच्या मुलांबद्दल एक मजेशीर निरीक्षण नोंदवलंय: आईबाप वेगळ्या धाटणीनं इंग्रजी बोलतात, हे या मुलांच्या गावीही नसतं. स्वतः ती बोलतात मात्र सवंगड्यांसारखं. लाज पुढं येते, कुणीतरी हसल्यावर. आपल्याकडं बाप आधीच धास्तावलेला असतो. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी घातली, तरी पालकसभेत तो मागच्या बाकावर बसतो. घरी पोरानं इंग्रजीत काही विचारलं, तर आपलं चुकीचं त्याला लागेल म्हणून गप्प राहतो आणि मोबाइल हातात देतो.

इथं मला तो साफ चुकतोय असं वाटतं. पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाकडून त्यांनी तिचे आवाज उचलले. तीच माणसं पडद्यावर दाखवली तेव्हा काहीच पदरात पडलं नाही. पाच वर्षांचं पोरगं पडद्यावरून शब्द उचलतं, नाही असं नाही. पण प्रश्नाला उत्तर देणारं कुणी तिथं नसतं. ते उत्तर ‘वाटर’ म्हणणाऱ्या बापाकडंच मिळतं, मराठीत मिळालं तरी चालेल.

पडद्याचा उपयोग खरं तर बापालाच जास्त. मिटरर आणि मॅक्वीन यांनी 2009 मध्ये डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजीतल्या फिती दाखवल्या. ज्यांनी खाली इंग्रजीच अक्षरं वाचली, त्यांचा कान त्या बोलीला सरावला. डच भाषांतर वाचणाऱ्यांचा नव्या वाक्यांवर उलट मागं पडला. तेव्हा पेप्पा लागली की बापानं उठून जाऊ नये. खाली इंग्रजी अक्षरं लावून सोबत बघावं. ती लावायची कुठून, हे बहुधा पोरालाच विचारावं लागेल.