दोरीने बांधलेला अश्वत्थामा



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, पहिला स्कंध, अध्याय ७.

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. अश्वत्थाम्याने रात्री द्रौपदीच्या झोपलेल्या पाचही मुलांना मारलंय. अर्जुन त्याला पकडून, दोरीने बांधून तिच्यासमोर आणतो. आता याचं काय करायचं?

खरं सांगतो, मी दरवेळी भीमाच्या बाजूने असतो. भीम म्हणतो, मारा याला. पकडलेला दहशतवादी बातम्यांत दिसला की माझ्याही मनात तेच येतं. मागे फॅमिली ग्रुपवर मी लिहिलंही होतं, 'यांना कसलं कोर्ट?'

पण महाभारतातलं सौप्तिक पर्व आठवलं. कृपाचार्य अश्वत्थाम्याला समजावतात की झोपलेल्यांना मारणं हा धर्म नाही. तो म्हणतो, मर्यादा आधी पांडवांनीच मोडली. माझ्या वडिलांना शस्त्र खाली ठेवल्यावर मारलं. थोडक्यात, त्यांनी नियम मोडले, मग मला कसले नियम? माझा मेसेज भीमाचा नव्हताच. तो अश्वत्थाम्याचा होता.

हाच प्रश्न आजच्या कायद्यापुढेही आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार सैन्याबाहेरच्या लढवय्यांनाही युद्धकैद्याचा दर्जा मिळू शकतो, पण अटी आहेत: जबाबदार म्होरक्या हवा, लांबून ओळखू येईल अशी खूण हवी, शस्त्र उघड बाळगायला हवं, युद्धाचे नियम पाळायला हवेत. आणि जो हे पाळत नाही त्याचं काय? २००२ च्या जानेवारीत अमेरिकेने ग्वांतानामोचा तुरुंग उघडला. तालिबान आणि अल कायदाचे लोक युद्धकैदी नाहीत, असं सरकारने ठरवलं. तिथला एक कैदी सलीम हमदान, बिन लादेनचा ड्रायव्हर. त्याचा खटला सुप्रीम कोर्टात गेला. जून २००६ मध्ये कोर्टाने सांगितलं की चारही जिनिव्हा करारांत असलेलं कलम ३ त्यालाही लागू आहे. रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा नाही, छळ नाही, विटंबना नाही. तो निर्दोष आहे असं कोर्ट म्हणालं नाही. एवढंच म्हणालं, की कायद्याच्या पूर्ण बाहेर कुणीच नसतो.

आणि द्रौपदी? ती म्हणते, सोडा याला. मी रडतेय तशी याची आई कृपी रडायला नको.

हे वाचून वाटतं, असं प्रत्यक्षात कोण बोलेल? पण बोललेत. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात ज्यांची माणसं गेली, त्यांच्यातल्याच काहींनी २००२ मध्ये 'पीसफुल टुमॉरोज' नावाची संघटना काढली. आमच्या दुःखाच्या नावाने युद्ध करू नका, असं ते म्हणाले. पुढे ग्वांतानामो बंद करा, हीही मागणी त्यांनी लावून धरली. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं असे आपण सूड मागत होतो. ज्यांचं सगळं गेलं होतं ते थांबा म्हणत होते.

एक गोष्ट लपवत नाही. भागवतात अश्वत्थाम्याचा जीव वाचतो त्यात तो ब्राह्मण आणि गुरुपुत्र असण्याचाही भाग आहे. कायदा कुळ विचारत नाही, हे त्याचं मोठेपण. पण द्रौपदीचं कृपीबद्दलचं बोलणं कुळाच्या पलीकडचं आहे. आई प्रत्येकालाच असते.

आणि हो, सोडणं म्हणजे माफी नव्हे. अर्जुन त्याचा मणी काढून घेतो, केस कापतो आणि हाकलून देतो. शिक्षा होते, पण जीव घेतला जात नाही.

ग्रुपवरचा तो मेसेज आता डिलीट होत नाही. म्हणून काल त्याच्याखाली लिहिलं, 'मी चुकलो होतो.' काकांनी विचारलं, कशाबद्दल? आज हा अध्याय त्यांना पाठवतोय.

तुमच्या मनातला भीम आज कुणाला बांधून उभा आहे? एकदा द्रौपदीलाही विचारून बघा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥