चालते आहे तोवर हात लावू नये काय?

जुने यंत्र ज्याच्या हाती येते त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो; तो वरवर पाहता मिस्त्रीचा दिसला तरी पुष्कळ अंशी सदसद्विवेकाचा आहे. आतील जे तेल आपण ओतले नाही, ज्याचे वय आपणांस ठाऊक नाही व जे डोळ्यांस दिसतही नाही, ते बदलण्याचे आपणांवर बंधन आहे की नाही?

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली ‘कब कॅडेट’ नावाचा बागेचा लहान ट्रॅक्टर विक्रीस काढला. गवत कापणे, भाजीचा मळा नांगरणे, हिवाळ्यात वाटेवरील बर्फ सारणे ही त्याची कामे. (हीच कंपनी १९६३ साली आपल्या देशात इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाची भागीदार झाली, तिचा बी-२७५ ट्रॅक्टर आपल्या कित्येक शेतकऱ्यांस माहीत असेल.) कब कॅडेटचा धंदा १९८१ साली एम.टी.डी. कंपनीकडे गेला, तथापि ते जुने पिवळे-पांढरे ट्रॅक्टर तेथे अद्याप कामास येतात. एकेकाचे चार-पाच धनी होऊन गेलेले असतात. इतक्या तासांनी गिअरबॉक्सचे तेल बदलावे असे माहितीपुस्तकात लिहिलेले असते खरे, परंतु मागील तासांची नोंद कोणी ठेवली आहे?

अशा वेळी पुष्कळ जण म्हणतात, “चालते आहे ना? मग हात लावू नये.” ह्या बोलण्यात नम्रता दिसते, परंतु बहुधा तो आळस असतो. पाहिले तर काहीतरी करावे लागेल, म्हणून पाहावयाचेच नाही, असा त्याचा खरा अर्थ होतो.

आत काय घडते ते पाहा. चक्रांचे दात एकमेकांवर घासतात व त्यांची बारीक धूळ तेलात मिसळते. दिवसा पेटी तापते, रात्री निवते. तापताना हवा बाहेर जाते व निवताना दमट हवा आत येऊन तिचे पाणी होते. गिअरच्या दांड्याचे रबरी आवरण फाटले असेल तर पावसाचे पाणीही शिरते. पाणी तेलाहून जड, म्हणून ते तळाशी बसून लोखंड गंजविते, आणि थंड मुलुखात तेथेच गोठते. ‘हाय-ट्रान’ नावाचे ह्याच कंपनीचे तेल थोडेसे पाणी आपल्यात धरून ठेवील असे बनविलेले होते. परंतु धरून ठेवण्यालाही मर्यादा आहे. ज्या ट्रॅक्टरांत गिअरांऐवजी तेलाच्या दाबानेच चाके फिरतात, त्यांत तर अधिक जपावे लागते. तेथील दट्ट्ये इतके घट्ट बसविलेले असतात की, साध्या गिअरने सोसलेली धूळ त्यांस ओरखडे पाडते. तेथे तेलाबरोबर गाळणीही बदलावी.

तर मग ठरवावे कसे? प्रथम पाहावे. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर तळाचे बूच किंचित सैल करून थोडे तेल काचेच्या भांड्यात घ्यावे. ते दुधासारखे पांढुरके असेल तर पाणी शिरले आहे. तेल बदलावे, आणि पाणी कोठून आले तेही शोधावे, नाहीतर नवे तेलही तसेच होईल. जळका वास आला, किंवा बोटांत चोळता खर लागली, तरीही बदलावे. नुसता काळसर रंग हा मात्र पुरावा नव्हे. तेल स्वच्छ दिसले पण नोंद मुळीच नसली तर? माझे मत असे की, एकदा बदलावे व त्या दिवसापासून नोंद ठेवावी. वाईट असल्याचे ठाऊक नसणे म्हणजे चांगले असल्याचे ठाऊक असणे नव्हे. शिवाय खर्च काही लिटर तेलाचा. मोडलेल्या चक्रासाठी मात्र पुष्कळदा तसाच दुसरा जुना ट्रॅक्टर शोधावा लागतो.

कोणी म्हणेल, “अमक्याने तेल बदलले आणि लागलीच गळती सुरू झाली.” असे घडते. झिजलेल्या सीलपाशी साचलेला चिकटा भोक बुजवून असतो. तो गेला की भोक उघडे पडते. पण नव्या तेलाने सील झिजविले नाही. चुकीचे तेल घातले तर गोष्ट निराळी: काही तीव्र गिअर-तेले जुन्या यंत्रांतील पितळ व काशाचे भाग खातात, म्हणून पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच तेल घ्यावे.

आता अवघड गोष्ट. विकण्याच्या आदल्या दिवशी कोणी गिअरबॉक्सात मुद्दाम जाड तेल ओततो, ते अशासाठी की झिजलेल्या चक्रांचा खडखडाट गिऱ्हाइकास ऐकू येऊ नये. हात तेच, बूच तेच, कामही दिसावयास तेच. पण पहिला मनुष्य आतले पाहावयास निघाला होता, आणि हा ते दुसऱ्यास दिसू नये म्हणून झटतो. विकणाऱ्याने तेल अवश्य बदलावे. मात्र निघालेल्या तेलात लोखंडाचे तुकडे सापडले असतील, तर ते कागदात बांधून घेणाऱ्याच्या हाती द्यावेत.

राहिले ते जुने तेल. गोठ्यामागे ओतले म्हणजे संपले, असे पुष्कळांस वाटते. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे सांगणे असे की, मोटारीच्या एका वेळच्या टाकाऊ तेलाने दहा लाख गॅलन गोडे पाणी नासू शकते. आणि विहीर तर शेजाऱ्याचीही असते. ते तेल झाकणाच्या डब्यात भरावे, डब्यावर तारीख लिहावी, आणि जुने तेल गोळा करणाऱ्याकडे नेऊन द्यावे.