छत्रीवरचं दर्शन

आमचं घर पंढरपुरात, प्रदक्षिणा मार्गाच्या आतल्या बोळात. महाद्वार इतकं जवळ, की गॅसवर दूध ठेवून जाऊन यावं. तरी आषाढी एकादशीला मी विठोबाला बघते ते गच्चीवरच्या छत्रीच्या कृपेने, टीव्हीवर. हसू येत असेल त्याने एकदा आषाढीला इथे यावं. दशमीला रांग गोपाळपुराच्या वाटेला लागलेली असते, बोळात पाऊल ठेवायला जागा नसते. गावकऱ्याने त्या दिवशी रांगेत उभं राहू नये, हा सासूबाईंचा दंडक. आपल्याला विठोबा वर्षभर आहे, आज जे लांबून आलेत त्यांचा आहे, असं त्या म्हणायच्या.

गाभाऱ्यातलं चित्र आमच्या दिवाणखान्यात येतं कसं, हे नातवाने मला समजावलं. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह असतो. पृथ्वी फिरते त्याच गतीने तोही फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी उभा वाटतो आणि छत्री एकदा आग्नेयेला वळवून पक्की केली की पुन्हा हलवावी लागत नाही. चित्र वर जातं आणि खाली येतं. म्हणजे हाकेच्या अंतरावरचा देव निदान ७२,००० किलोमीटरांचा फेरा घेऊन घरी येतो. त्या फेऱ्याला पाव सेकंदच लागतो, पण चित्र दाबून पाठवायचं आणि इकडे उलगडायचं यात आणखी वेळ जातो. त्यामुळे महापूजेला येणाऱ्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याचा सायरन आधी खिडकीतून ऐकू येतो आणि ताफा टीव्हीवर मागाहून पोचतो. पावसाची जोराची सर आली तर पोचतही नाही. पडदा काळा होतो, ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते, आणि सारं घर खिडकीतून ढगाकडे बघत बसतं.

एचडी बॉक्स आल्यापासून मात्र एक गोष्ट लख्ख दिसायला लागली. पूर्वीच्या चित्रात जेमतेम ४ लाख ठिपके, यात २० लाखांवर. कानातली मकरकुंडलं, गळ्यातला कौस्तुभ, पंचामृत ओघळताना काळ्या दगडावर उमटणारी चमक, सगळं स्पष्ट दिसतं. हे मी इतकी वर्षं गाभाऱ्यात जाऊनही धड पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? पदस्पर्श दर्शनाला माणूस वाकतो, कपाळ पायांवर टेकतो, मान वर करेपर्यंत मागून ‘चला, माउली’ होतं. सगळ्यात जवळ जाणाऱ्यालाच सगळ्यात कमी दिसतं. तेव्हा दर्शन म्हणजे डोळ्यांनी बघणं, एवढाच अर्थ असेल तर माझं दर्शन रांगेतल्या माउलीपेक्षा सरस ठरतं. हे कोणाच्याच मनाला पटत नाही, माझ्याही नाही.

शेजारचे निवृत्त मास्तर म्हणतात, टीव्हीतला देव तुम्हाला बघत नाही, म्हणून ते दर्शन नव्हे. वाद म्हणून छान आहे. पण जो चराचरात आहे त्याची नजर काचेपाशी अडते, असं म्हणायचं का? आणि वारकऱ्यांनी तर हा प्रश्न कधीच सोडवलाय. पायांवर डोकं ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर मुखदर्शन, तेही नाही तर नामदेव पायरी, आणि तिथेही शिरकाव नसेल तर लांबून कळसाला हात जोडून परतायचं. कळस पाहून परतलेल्याची वारी वाया गेली असं कोणी म्हणत नाही. या उतरंडीत माझ्या छत्रीला एक पायरी मिळायला हरकत नसावी.

मला अडतं ते दुसरीकडेच. नामदेव पायरीसमोर, अस्पृश्य म्हणून देवळाबाहेर ठेवलेल्या चोखोबांची समाधी आहे. देव तुझ्या अंतरात आहे, मग आत यायचं कशाला, हे तत्त्वज्ञान त्यांनाही ऐकवता आलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण दार लावून घेणाऱ्याच्या तोंडी खरं वाक्यसुद्धा कुलूप होतं. ते कुलूप निघायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना इथे १ मेपासून १० मेपर्यंत उपोषण करावं लागलं. त्यामुळे ‘घरबसल्या दर्शन घ्या’ असं कोणी म्हटलं की मी आधी म्हणणारा कोण ते बघते. सासूबाई स्वतः मागे सरत होत्या. कोणी त्यांना मागे सारलं असतं तर तेच चित्र, तोच टीव्ही, पण ते दर्शन झालं नसतं.

२०२० च्या आषाढीला हे अंगावर आलं. पालख्या निघाल्या नाहीत, पादुका एसटीने आल्या, गावात संचारबंदी. महापूजा दरवर्षीसारखीच दिसली, चित्र तेवढंच स्वच्छ. आणि मी बसल्या जागी चिडले होते. कोणावर, ते सांगता येणार नाही. साथ होती, बंदी रास्तच होती. पण ज्या जागेवर मी आपणहून पाणी सोडत आले होते ती मुळात माझ्या हातात उरलीच नव्हती, आणि नसलेलं सोडायचं कसं?

आता आमच्याकडे पुन्हा दिंडी उतरते. मागे परभणीकडच्या एक आजी गुडघे सुजले म्हणून आमच्याकडेच थांबल्या, त्यांचे म्हातारबा रांगेत. पहाटे टीव्ही लावला तर विचारतात, “बाई, हे आत्ताचं हाय का कालचं?” आत्ताचंच म्हटल्यावर त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना चपला काढायला लावल्या. तिकडे पूजेपायी रांग थांबवलेली. चालत आलेले बाहेर खोळंबलेले आणि आम्ही पंख्याखाली बसून अभिषेक बघतोय. आजींनी म्हातारबांना फोन लावला. आता दही घातलं, आता मध, आता पीतांबर, असं सांगायला लागल्या. पलीकडून म्हातारबा ओरडले, “तुला समदं दिसतंय, मग म्या हितं कशाला उभा हाय?”

“उभे ऱ्हावा,” आजी म्हणाल्या आणि फोन ठेवला.