भरावाचे शहर

सात बेटे जोडून मुंबई झाली, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. कशाने जोडली, याचे उत्तर मात्र माती-दगडापाशी थांबते. एकोणिसाव्या शतकात भायखळा-महालक्ष्मीकडची, पावसाळ्यात तुंबणारी सखल जमीन वर आणायला गावचा केरकचराही गाड्या भरभरून ओतला गेला. त्यावर रस्ते झाले, चाळी झाल्या. तिथला आजचा चौरस फुटाचा भाव ऐकून ज्यांना घाम फुटतो, त्यांनी तो उकिरड्यावरचा भाव आहे हेही ध्यानात घ्यावे. मैला उचलणाऱ्यांना सरकारी दप्तरात ‘हलालखोर’ म्हणत. १८८८च्या पालिका कायद्यात त्यांच्या नावाचा एक करही होता. कर त्यांच्या नावाचा, तिजोरी पालिकेची.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेग आला. मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला आणि शहराची पाचावर धारण बसली. आतापर्यंत जो कचरा जमीन घडवत होता, तो एकदम यमदूत ठरला. त्याला वेशीबाहेर घालवायचे म्हणून पालिकेने चेंबूरकडची दलदल विकत घेतली. कुर्ल्याहून तिकडे जो लोहमार्ग टाकला, तो मुळात कचरा वाहण्यासाठी. माणसे त्या वाटेने नंतर जाऊ लागली. आज हार्बर लोकलमध्ये लोंबकळणाऱ्यांना या मानाची कल्पना नसते. १९२७मध्ये देवनारची कचराभूमी सुरू झाली आणि शहराने आपली मागची बाजू कायमची पूर्वेला ठरवून टाकली.

त्या काळात एक वेगळा प्रयोगही होऊन गेला. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात सांडपाण्याच्या टाकीतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवले गेले, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. जगातल्या बायोगॅसच्या इतिहासात या माटुंग्याचा उल्लेख येतो. पुढे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी खरकट्यापासून गॅस आणि खत करणारे ‘निसर्गऋण’ संयंत्र विकसित केले. म्हणजे अक्कल कधीच कमी नव्हती. देवनार आणि ट्रॉम्बे शेजारी-शेजारी आहेत. देवनारचा कचऱ्याचा डोंगर तरीही वाढतच गेला, कारण ओले आणि सुके एकाच डब्यात टाकायची शहराची सवय तशीच राहिली.

कचऱ्यातली खरी कारागिरी आहे ती निवडण्यात. धारावीच्या तेरा कंपाऊंडमध्ये ती पाहायला मिळते. बादलीचा तुकडा, शाम्पूची बाटली, तुटकी खुर्ची, इंजेक्शनची नळी: सगळे प्लास्टिकच, पण एकत्र वितळवले तर मातीमोल. म्हणून घरात तांदूळ निवडावेत तसे बायका आणि पुरुष बसून ढीग निवडतात. तुकडा मोडून त्याचा आवाज ऐकायचा, संशय आला तर कोपरा पेटवून वास घ्यायचा, मिठाच्या पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो ते बघायचे. रंगाप्रमाणे वेगळे केलेले तुकडे दळायचे, धुवायचे, पत्र्याच्या छपरावर वाळवायचे. मग यंत्रातून शेवयांसारखे धागे निघतात, ते कापले की ‘दाणा’ तयार. हा दाणा पुन्हा कारखान्यात जातो. ज्या नाकाने प्लास्टिकची जात ओळखायची, त्याच नाकाने तो धूर आयुष्यभर ओढायचा, हीही या कौशल्याची किंमत. धारावीच्या उद्योजकतेवर भाळून लिहिणाऱ्यांना ही बाजू सहसा दिसत नाही.

जुन्या साड्यांवर स्टीलचा डबा देणारी बोहारीणही याच साखळीतली. तिने नेलेले कपडे धुऊन, रफू होऊन पुन्हा बाजारात येतात. अगदीच विरलेल्यांची चिंधी होते आणि गॅरेजात यंत्रे पुसते.

कलावंतांना या मालाची भूल पडली नसती तरच नवल. अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये (२००४) झाडूवाली बाई आणि फुटपाथवरचा कचरा कवितेच्या केंद्रस्थानी आहेत. २०१५मध्ये धारावीतच ‘अ‍ॅली-गल्ली बिएनाले’ भरले. तिथल्या रहिवाशांनी कलावंतांबरोबर आपल्याच परिसरातल्या वस्तूंमधून कलाकृती घडवल्या. हे सगळे मोलाचे आहे. तरी एक गोष्ट खटकते: कचऱ्याचे शिल्प केले की खाली नावाची पाटी लागते, कचऱ्याचा दाणा केला की ओळखपत्रासाठीही भांडावे लागते.

ते भांडण बायकांनी लढले. पुण्यात १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा गोळा करण्याचा महापालिकेशी रीतसर करार झाला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९८पासून ‘परिसर विकास’ प्रकल्पात कचरावेचक बायकांना खत आणि बायोगॅसचे प्रशिक्षण दिले.

मुंबईच्या जुन्या कचराभूमींचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. माहीमच्या खाडीकाठच्या उकिरड्यावर ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान झाले. १९८३मध्ये सलीम अलींच्या हस्ते पहिले झाड लागले, १९९४मध्ये ते लोकांना खुले झाले. मालाडला मात्र कचऱ्यावर काचेच्या इमारती चढल्या, आणि जमिनीतून येणाऱ्या वायूंनी संगणकांचे भाग गंजतात अशा तक्रारी होऊ लागल्या. कचरा असा पुरला म्हणून मरत नाही.

जानेवारी २०१६मध्ये देवनार पेटले तेव्हा धुराचा लोट उपग्रहातून दिसत होता. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. कचरा टाकायला जागा नाही, तर घरेही नकोत, असा सरळ हिशोब. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ती बंदी सैल केली.

आता त्या डोंगराचाच नंबर लागला आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये राज्य सरकारने देवनारची १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या घरांसाठी द्यायचे ठरवले. तिथे साठलेला कचरा सुमारे १८५ लाख टन. तो उपसायला पालिकेने २०२५मध्ये दोन हजार कोटींहून मोठी निविदा काढली. शतकभर शहराचा कचरा निवडणाऱ्यांपैकी काहींना कचऱ्याच्याच जागेवर घर मिळेल, ती जागा स्वच्छ केलेली असेल अशी आशा धरू. पण घर म्हणजे गोदाम नव्हे. निवडायला, धुवायला, वाळवायला मोकळी जागा लागते, रस्त्याला लागून लागते. पुनर्विकासाच्या आराखड्यात ती कुठे आणि किती आहे, हे धारावीबाहेरच्या मुंबईकरांनी आपल्या नगरसेवकाला विचारावे. रोजचा कचरा त्यांच्याच घरातून निघतो.